प्राण्यांमधील गाठी : पेशी बिघडते कशी, पसरते कशी आणि शरीराचे काय होते

ऊतकदर्शी :

प्राण्याच्या अंगावर गाठ हाताला लागली की पहिला निर्णय बहुधा "थोडे थांबून पाहू" असाच होतो. कारणेही ठरलेली असतात : गाठ लहान आहे, दुखत नाही, जनावर नीट खातेपिते आहे. शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांचे स्वरूप ठरवणे हे माझे रोजचे काम आहे, आणि या तिन्ही कारणांवर विसंबल्यामुळे हातची वेळ निघून गेलेली प्रकरणे माझ्यापुढे सतत येत असतात. गाठ सौम्य आहे की घातक, हे आकारावरून, स्पर्शावरून किंवा वेदनेवरून ठरत नाही. ते पेशींवरून ठरते, आणि पेशी पाहिल्याशिवाय कळत नाही. हे म्हणणे नीट पटावे म्हणून गाठ मुळात तयार कशी होते तिथपासून सुरुवात करतो.

शरीरात पेशींचे विभाजन अखंड चालू असते. आतड्याचे अस्तर काही दिवसांत नवे होते, कातडी झडते आणि भरून येते, अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होत राहतात. कोणत्या पेशीने केव्हा विभाजित व्हायचे, केव्हा थांबायचे आणि बिघाड दुरुस्त होण्यापलीकडे गेला तर स्वतःला केव्हा संपवायचे, याचे नियंत्रण काही ठरावीक जनुकांकडे असते. वाढीला चालना देणारे जनुक बिघाडामुळे कायमचे चालू राहिले, किंवा पी५३ सारखे अटकाव करणारे जनुक निकामी झाले, तर ती पेशी शेजारच्या पेशींचे संकेत जुमानत नाही. अर्थात असा एखादा बिघाड सहसा पुरेसा नसतो. विभाजनाच्या वेळी होणाऱ्या चुका, सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, काही रसायने, काही विषाणू आणि दीर्घकाळ टिकलेला दाह यांमुळे एकावर एक बिघाड साचत जातात, आणि ज्या पेशीला त्यातून वाढीचा फायदा मिळतो तिची संतती इतरांना मागे टाकते. पीटर नॉवेल यांनी १९७६ साली हा विचार स्पष्टपणे मांडला : गाठ ही एकाच पेशीची प्रजा असते, पण त्या प्रजेत सतत निवड चालू असल्यामुळे आजची गाठ आणि सहा महिन्यांनंतरची गाठ यांचा स्वभाव एकच असेल असे नाही.

या ज्ञानाचा मोठा भाग प्राण्यांच्याच अभ्यासातून आला आहे. पेटन राऊस यांनी १९११ साली कोंबडीच्या गाठीचा पेशीविरहित अर्क दुसऱ्या कोंबडीला टोचून तशीच गाठ निर्माण करून दाखवली आणि विषाणूमुळे अर्बुद, म्हणजे अशी गाठ, होऊ शकते हे सिद्ध केले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते थेट १९६६ साली. पुढे बिशप आणि व्हार्मस यांनी १९७६ साली दाखवले की, त्या विषाणूतील गाठ निर्माण करणारे 'सार्क' हे जनुक मुळात निरोगी कोंबडीच्याच पेशीतले आहे आणि विषाणूने ते कधीतरी उचललेले आहे. कर्करोगाची बीजे आपल्याच सामान्य जनुकांत असतात, ही जाणीव तिथून पक्की झाली.

आता "लहान गाठ" म्हणजे काय ते पाहू. सुमारे एक ग्रॅम वजनाच्या, म्हणजे साधारण एक सेंटीमीटर व्यासाच्या गाठीत अंदाजे १०० कोटी पेशी असतात. एका पेशीपासून तिथवर पोहोचायला सुमारे ३० वेळा दुप्पट व्हावे लागते, आणि तिथून एक किलोपर्यंत जायला आणखी फक्त १० दुपटी पुरतात. प्रत्यक्षात बऱ्याच पेशी वाटेत मरतात, त्यामुळे हिशेब इतका सरळ नसतो, पण मुद्दा बदलत नाही : गाठ बोटाला जाणवते तेव्हा तिच्या आयुष्याचा बराच मोठा भाग उलटून गेलेला असतो.

सुरुवातीला या पेशी आजूबाजूच्या ऊतीतून झिरपणाऱ्या प्राणवायूवर आणि पोषणावर जगतात, पण तसे करून एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढता येत नाही. पुढच्या वाढीसाठी त्या असे संकेत सोडतात की जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटून गाठीत शिरतात. ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडलेली ही कल्पना आज सर्वमान्य आहे. या नव्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. त्यामुळे गाठीचा मध्य अनेकदा उपाशी राहून कुजतो, आणि याच गळक्या भिंतींतून पेशींना बाहेर पडण्याची वाटही मिळते.

सौम्य आणि घातक यांतला खरा फरक इथे आहे. सौम्य गाठ आजूबाजूच्या ऊतीला ढकलत वाढते, तर घातक गाठ तिच्यात घुसते. ग्रंथींच्या आणि कातडीच्या पेशींखाली एक पातळ आधारपटल असते. घातक पेशी विकरांच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने ते विरघळवतात, खालच्या संयोजी ऊतीत उतरतात आणि लसीकावाहिनी (लिम्फ वाहून नेणारी नळी) किंवा रक्तवाहिनी गाठतात. ढोबळ मानाने कातडी, स्तनग्रंथी यांसारख्या अस्तरांतून उद्भवणारे कर्करोग आधी जवळच्या लसीकाग्रंथीत जातात, तर हाड, स्नायू, रक्तवाहिनी यांतून उद्भवणारे सार्कोमा रक्तावाटे थेट फुप्फुसात पोहोचतात. रक्तात शिरलेल्या पेशींपैकी बहुसंख्य पेशी मरतात. ज्या वाचतात त्याही कुठेही रुजत नाहीत. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली यासाठी बी आणि जमीन यांचा दृष्टांत दिला होता : बी सगळीकडे पडते, पण उगवते ते मानवणाऱ्या जमिनीतच. मोठ्या जातीच्या कुत्र्यांमधील हाडाचा कर्करोग फुप्फुसात जातो, तर काही अर्बुदे यकृतातच वारंवार आढळतात, याचा उलगडा केवळ रक्तप्रवाहाच्या दिशेवरून होत नाही.

मांजरे, गुरे, घोडे, पक्षी यांच्याबद्दल ज्यांना अधिक माहिती किंवा अनुभव असेल त्यांनी भर घालावी, आणि मतभेद असल्यास तेही मांडावेत.

मार्जारस्नेही :

लेख आवडला, पण "आकारावरून काही ठरत नाही" या विधानाला माझी हरकत आहे. मांजरीच्या स्तनग्रंथींच्या गाठींबाबत मी जेवढे वाचले आहे त्यात दोन सेंटीमीटर ही मर्यादा पुन्हा पुन्हा येते. त्याहून लहान असताना काढलेल्या गाठींच्या मांजरी बऱ्याच अधिक काळ जगतात असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मग आकार बिनमहत्त्वाचा कसा? एक भीतीही वाटते, ती अशी की आपले विधान वाचून कोणी "आकाराशी संबंध नाही, तर मग घाई कशाला" असा उलटा अर्थ काढील.

ऊतकदर्शी :

हरकत योग्य आहे आणि तिच्यामुळे मुद्दा अधिक नेमका होईल. दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. ही गाठ कोणती आहे, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकार देत नाही. गाठ घातक आहे हे कळल्यानंतर तिने किती मजल मारली असेल, या दुसऱ्या प्रश्नात मात्र आकाराला मोठे वजन आहे, आणि मांजरीच्या स्तनग्रंथींच्या बाबतीत ते सर्वांत जास्त आहे. कुत्रीच्या स्तनग्रंथींच्या गाठींपैकी स्थूलमानाने निम्म्या सौम्य निघतात, पण मांजरीत ८५ ते ९० टक्के गाठी घातक असतात. म्हणून मांजरीच्या पोटाखाली हरभऱ्याएवढा कणही लागला, तर तो घातकच आहे असे धरून चालावे. त्या वेळी शक्यतो त्या बाजूची संपूर्ण ग्रंथीमालिका काढतात, कारण शेजारच्या ग्रंथी लसीकावाहिन्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. शस्त्रक्रियेआधी छातीचे एक्स-रे तीन बाजूंनी काढावेत. एका बाजूवर झोपवल्यावर खालचे फुप्फुस दबते आणि त्यातील ठिपके लपतात. तीन बाजूंनी काढूनही अर्धा सेंटीमीटरहून लहान ठिपके सहसा दिसत नाहीत, त्यामुळे "एक्स-रे स्वच्छ आहे" याचा अर्थ "पसरलेले नाही" असा होत नाही. तिथे सीटी स्कॅन अधिक बारीक पाहू शकतो.

लसीकरणासाठी किंवा औषधासाठी सुई टोचलेल्या जागी मांजरांना क्वचित होणाऱ्या सार्कोमाची नोंद १९९१ साली झाली, आणि त्या गाठींसाठी एक सोपा नियम ठरला आहे : इंजेक्शनच्या जागेवरील गाठ तीन महिन्यांनंतरही टिकली, दोन सेंटीमीटरहून मोठी असली, किंवा इंजेक्शननंतर एक महिना उलटूनही वाढत राहिली, तर तिचा तुकडा तपासायलाच हवा. यांपैकी एक अट पुरते. या भीतीने लस टाळू नये, कारण ज्या रोगांपासून लस वाचवते ते कितीतरी अधिक वेळा जीव घेतात.

पाऊलवाट :

आमच्याकडे जर्मन शेफर्ड होता. वय दहाच्या पुढे, अंगावर कुठेही गाठ नाही. एके सकाळी तो उठेना. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या, श्वास उथळ होता आणि पोट किंचित फुगले होते. दुपारपर्यंत तो आपोआप उठला, पाणी प्यायला, संध्याकाळी तर दारापर्यंत चालत आला. वयामुळे झाले असेल असे आम्ही समजलो. काही आठवड्यांनी तसेच पुन्हा झाले, आणि या वेळी सोनोग्राफीत प्लीहेवर मोठी गाठ आणि पोटात रक्त दिसले. मला आजही कळत नाही की इतकी मोठी गाठ पोटात असताना मधल्या काळात तो इतका ठणठणीत कसा वागला.

ऊतकदर्शी :

आपण वर्णन केलेला क्रम प्लीहेच्या हिमँजिओसार्कोमात, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उद्भवणाऱ्या घातक गाठीत, फार वेळा दिसतो. ही गाठ म्हणजे रक्ताने भरलेल्या, नीट भिंतीही नसलेल्या पोकळ्यांचे जाळे असते. ती फुटते, रक्त पोटात साचते, रक्तदाब घसरतो आणि प्राणी कोसळतो. रक्तस्राव थांबल्यास पोटातील रक्ताचा बराचसा भाग आतील आवरणातून पुन्हा शोषला जातो, आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत प्राणी सावरतो. मधला ठणठणीतपणा म्हणूनच खरा वाटतो. हीच गाठ हृदयाच्या उजव्या कर्णिकेवरही होते, आणि तिथे रक्त हृदयाभोवतीच्या आवरणात साचून हृदयाची गळचेपी होते. अर्थात प्लीहेवरची प्रत्येक गाठ घातक नसते. रक्ताची साधी गुठळी किंवा निरुपद्रवी वाढ सोनोग्राफीत अगदी तशीच दिसू शकते, त्यामुळे तपासणीआधी आशा सोडणेही बरोबर नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला अचानक अशक्तपणा आला आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर तो सावरला तरीही त्याच दिवशी पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

यातून शीर्षकातल्या तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे गाठ शरीराचे नेमके काय करते याकडे वळता येईल. जागा व्यापणे, नळी बंद करणे, हाड पोखरणे, रक्तस्राव करणे हे परिणाम समजायला सोपे आहेत. गाठ दूर बसून जे करते ते अधिक फसवे असते. काही लिम्फोमा (लसीका पेशींचे कर्करोग) आणि गुदद्वाराजवळच्या पिशवीतील कर्करोग असे एक प्रथिन स्रवतात, जे पॅराथायरॉइडच्या संप्रेरकाची नक्कल करते. त्यामुळे रक्तातले कॅल्शियम वाढते, मूत्रपिंडाची पाणी राखण्याची क्षमता कमी होते, आणि कुत्रा अतोनात पाणी पिऊन वारंवार लघवी करू लागतो. पाळणाऱ्याला शंका येते ती मधुमेहाची. स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठीमुळे उपाशीपोटी किंवा धावल्यानंतर साखर एकदम उतरते आणि झटके येतात. ती गाठ अनेकदा सोनोग्राफीतही सापडत नाही इतकी लहान असते. पोटात राहिलेल्या, खाली न उतरलेल्या वृषणात सर्टोली पेशींची गाठ झाली, तर ती स्त्री-संप्रेरक तयार करते. मग नर कुत्र्याचे स्तनाग्र वाढतात, दोन्ही बाजूंचे केस सारखे गळतात, आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे अस्थिमज्जा दडपली जाऊन रक्तपेशी तयार होणेच मंदावते. फुप्फुसातील मोठ्या गाठीमुळे चारही पायांच्या हाडांवर नव्या हाडाचा थर चढतो आणि पाय सुजून दुखू लागतात. एक्स-रे पायाचा काढला जातो, रोग मात्र छातीत असतो.

कातडीवरील गाठींमध्ये मास्ट पेशींच्या, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींच्या, गाठीचे नाव सगळ्यांनी लक्षात ठेवावे. सुईने घेतलेला नमुना काचपट्टीवर पसरून रंगवला, की गोल पेशींत ठासून भरलेले जांभळे कण दिसतात, कधी इतके की केंद्रकच झाकले जाते, आणि फुटलेल्या पेशींतले कण भोवताली विखुरलेले असतात. त्या कणांत हिस्टामिन आणि हेपरिन असते. म्हणूनच ही गाठ दाबल्यावर काही मिनिटांत लाल होऊन सुजते, एका दिवशी मोठी आणि दुसऱ्या दिवशी लहान वाटते, आणि हिस्टामिनमुळे जठरात आम्ल वाढून व्रण होतात, तेव्हा डांबरासारखी काळी विष्ठा दिसू लागते. हाताला मात्र ती चरबीच्या निरुपद्रवी गाठीसारखीच मऊ लागू शकते. बोटांनी हा फरक ओळखतो असा दावा करणारा माणूस मला भरवशाचा वाटत नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

शेवटी खंगणे. प्राणी पुरेसे खात असूनही पाठीचा कणा आणि कवटीच्या बाजू वर येऊ लागतात. दाहाशी संबंधित प्रथिने भूक मारतात आणि स्नायू वितळवतात, आणि गाठीच्या पेशी ग्लुकोज अतिशय वेगाने पण अपुऱ्या प्रकारे जाळून लॅक्टेट तयार करतात, जे पुन्हा ग्लुकोजमध्ये बदलण्यासाठी यकृताला ऊर्जा खर्चावी लागते. ही घट केवळ जास्त खाऊ घालून भरून निघत नाही.

गोठा :

गुरांबद्दल थोडी भर घालते, कारण पशुपालकांच्या दृष्टीने हा विषय कुत्र्या-मांजरांपुरता नाही. शिंगाच्या गाभ्याचा कर्करोग भारतातील वशिंडाच्या गुरांमध्ये, विशेषतः खच्ची केलेल्या बैलांमध्ये, प्रामुख्याने दिसतो. सुरुवात अगदी किरकोळ असते. बैल वारंवार डोके हलवतो, शिंग खांबावर किंवा झाडावर घासतो, डोके एका बाजूला कलते ठेवतो, आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो. कपाळाच्या पोकळीचा शिंगाच्या गाभ्याशी थेट संबंध असल्याने तो स्राव तिथून नाकात उतरतो. पुढे शिंगाचे मूळ सैल होते, शिंग लोंबते आणि आतून फुलकोबीसारखी, दुर्गंधी येणारी वाढ बाहेर पडते. लवकर कळले तर शिंग मुळापासून काढून, आणि काही वेळा सोबत व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगावरचे औषध देऊन, बैल वाचतो. उशीर झाल्यास रोग कपाळाच्या हाडापर्यंत गेलेला असतो. नाकातून रक्त आले की उन्हाळा लागला असे समजून गप्प बसू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

डोळ्याच्या कडांना रंगद्रव्य नसलेल्या गुरांना अतिनील किरणांमुळे पापणीचा आणि बुबुळाच्या कडेचा कर्करोग होतो. पांढऱ्या कानांच्या मांजरांना कानाच्या टोकावर जो होतो तो याच जातीचा. डोंगराळ भागात ब्रॅकन नावाचा नेचा दीर्घकाळ चरणाऱ्या गुरांच्या लघवीतून रक्त जाते, आणि तपासल्यास मूत्राशयात गाठी सापडतात. त्या नेच्यातील टॅक्विलोसाइड हे रसायन डीएनएला इजा करते, आणि गुरांचा पॅपिलोमा विषाणू त्याला साथ देतो असे मानले जाते. एकाच गाठीमागे दोन कारणे एकत्र येतात याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. गुरांच्या ल्यूकोसिस विषाणूची गोष्ट वेगळी आहे : संसर्ग झालेल्यांपैकी बहुसंख्य गायी आयुष्यभर निरोगी दिसतात आणि पाच टक्क्यांहून कमी गायींना प्रत्यक्ष लिम्फोमा होतो, पण बाधित रक्त एकाच सुईतून किंवा शिंगे काढण्याच्या अवजारातून कळपभर फिरू शकते.

कोंबड्यांतील मॅरेक रोगाचाही उल्लेख हवा. जोसेफ मॅरेक यांनी १९०७ साली त्याचे पहिले वर्णन केले. हा हर्पीस कुळातील विषाणू पिसांच्या मुळांशी वाढून धुळीतून पसरतो. मज्जातंतू जाड होऊन पक्ष्याचा एक पाय पुढे आणि एक मागे असा लुळा पडतो, आणि अवयवांत लिम्फोमा होतात. १९७० च्या सुमारास टर्की पक्ष्याच्या निरुपद्रवी विषाणूपासून केलेली लस वापरात आली. लसीने कर्करोग रोखता येतो हे व्यापक प्रमाणावर प्रथम दिसले ते या कोंबड्यांमध्ये.

जिज्ञासा :

विषाणू एका जनावरातून दुसऱ्यात जातो हे समजले. पण कर्करोगाच्या पेशीच एका प्राण्यातून दुसऱ्यात जाऊन वाढतात, असे एकदा वाचले होते. ते खरे आहे का? आणि पेशी जितक्या जास्त तितका बिघाडाचा धोका जास्त असेल, तर हत्ती आणि देवमासे कर्करोगाने लहान वयातच का मरत नाहीत?

ऊतकदर्शी :

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. पहिल्याचे उत्तर "होय, पण फार मोजक्या ठिकाणी" असे आहे. कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी गाठ सर्वांत परिचित आहे. मस्तिस्लाव्ह नोव्हिन्स्की यांनी १८७६ सालीच ती एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती, पण ती का रुजते याचा निर्णायक पुरावा २००६ साली मिळाला. जगाच्या वेगवेगळ्या भागांतील कुत्र्यांच्या या गाठींचा डीएनए एकमेकांशी जुळला, आणि ज्या कुत्र्याच्या अंगावर ती होती त्याच्याशी मात्र जुळला नाही. म्हणजे या सगळ्या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींची संतती आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार तो प्राणी ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियात होऊन गेला. कुत्र्याच्या सामान्य पेशीत ७८ गुणसूत्रे असतात, या गाठीच्या पेशीत साधारण ५७ ते ६४. काचपट्टीवर ती ओळखणे हे माझ्या कामातील समाधानाचे क्षण असतात : गोल पेशी, एक ठळक केंद्रकी, आणि पेशीद्रवात ओळीने मांडल्यासारख्या लहान, स्वच्छ पोकळ्या. ही गाठ जननेंद्रियावर आणि हुंगण्या-चाटण्यामुळे नाकात किंवा तोंडातही होते, रक्त ठिबकवत राहते, पण दूरवर क्वचितच पसरते. आठवड्याला एकदा दिलेल्या व्हिन्क्रिस्टीनने बहुसंख्य कुत्री पूर्ण बरी होतात, आणि काहींच्या शरीरातील प्रतिकारशक्ती तिला स्वतःहूनच मागे हटवते.

टास्मानियन डेव्हिल या प्राण्याचे नशीब इतके चांगले नाही. १९९६ साली टास्मानियाच्या ईशान्य भागात प्रथम दिसलेली चेहऱ्यावरची गाठ एकमेकांना चावण्यातून पसरते, आणि प्राणी खाऊ न शकल्यामुळे बहुधा वर्षभरात मरतो. परक्या पेशी ओळखून मारण्यासाठी ज्या खुणा पेशीच्या पृष्ठभागावर लागतात, त्याच या गाठीच्या पेशी दडवतात. २०१४ साली तिथेच दुसरी, स्वतंत्रपणे उद्भवलेली संसर्गजन्य गाठ सापडली. २०१५ साली शिंपल्यांतील रक्ताचा असाच संसर्गजन्य कर्करोग उजेडात आला. घरातील इतर प्राण्यांना किंवा माणसांना सामान्य गाठीपासून असा कोणताही धोका नसतो, हेही स्पष्ट लिहायला हवे, कारण या भीतीने आजारी प्राण्याला एकटे पाडल्याचे प्रकार घडतात.

दुसरा प्रश्न रिचर्ड पेटो यांच्या नावाने ओळखला जातो. हत्तीच्या बाबतीत उत्तराचा एक भाग २०१५ साली पुढे आला : माणसाकडे आणि बहुतेक सस्तन प्राण्यांकडे पी५३ च्या जनुकाची एक जोडी असते, तर हत्तीकडे एकूण सुमारे २० जोड्या आहेत, आणि डीएनएला इजा झालेली हत्तीची पेशी दुरुस्तीच्या नादी न लागता लगेच स्वतःला संपवते. बिळात राहणाऱ्या बिनकेसांच्या उंदराने (नेकेड मोल रॅट) वेगळी वाट धरली आहे. त्याच्या ऊतीत असलेल्या फार मोठ्या रेणूंच्या हायल्युरोनान या चिकट पदार्थामुळे पेशींची गर्दी फार लवकर रोखली जाते. पूर्णपणे सुटका मात्र यांपैकी कोणाचीही नाही, आणि शार्कला कर्करोग होत नाही हा समजही चुकीचा आहे. एकाच जातीत पाहिले तर चित्र उलटे दिसते : मोठ्या आकाराच्या कुत्र्यांना हाडाचा कर्करोग लहान कुत्र्यांपेक्षा कितीतरी अधिक होतो. हा रोग आजचा नाही. सुमारे ७ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सेंट्रोसॉरस या डायनोसॉरच्या पायाच्या हाडात ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, असल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले आहे.

अश्वमित्र :

घोड्यांबद्दल एवढेच. जन्मतः गडद असून वयानुसार पांढरे होत जाणाऱ्या घोड्यांच्या शेपटीखाली आणि गुदद्वाराभोवती काळ्या गाठी येतात. एसटीएक्स१७ या जनुकातील एका तुकड्याची दुप्पट झालेली प्रत केसांचा रंगही घालवते आणि मेलानोमाचा धोकाही वाढवते, हे २००८ साली दाखवले गेले. त्या गाठी वर्षानुवर्षे संथ राहतात म्हणून दुर्लक्ष होते, पण काही पुढे आतल्या अवयवांत जातात. लहान असताना काढणे सोपे असते आणि नंतर त्या जागी शस्त्रक्रिया फार अवघड होते.

पाऊलवाट :

उत्तराबद्दल मनापासून आभार, बऱ्याच दिवसांचा गुंता सुटला. आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सुई टोचली की गाठ "चिडते" आणि पसरते असे अनेक जण सांगतात. त्यात तथ्य आहे का? आणि मादीचे गर्भाशय व अंडाशय लवकर काढल्याने स्तनग्रंथींच्या गाठी टळतात हे कितपत खरे आहे?

ऊतकदर्शी :

आधी दुसरा प्रश्न घेतो. १९६९ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांचा धोका, शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत ०.५ टक्के, पहिल्या माजानंतर ८ टक्के आणि दुसऱ्यानंतर २६ टक्के इतका आढळला. या आकड्यांच्या भक्कमपणाबद्दल नंतर शंका घेतल्या गेल्या आहेत, पण अंडाशयाच्या संप्रेरकांचा या गाठींशी संबंध आहे याबद्दल शंका नाही. दुसरी बाजूही पाहायला हवी : रॉटवायलर जातीत एक वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हाडाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक दिसले. त्यामुळे मोठ्या जातीच्या मादीबाबत वेळ ठरवताना आपल्या पशुवैद्यकाशी दोन्ही धोके समोर ठेवून बोलावे. मांजरीत मात्र लवकर शस्त्रक्रियेच्या बाजूने निर्णय देताना मला संकोच वाटत नाही, कारण तिथे गाठ झाली तर ती बहुधा घातकच असते.

सुईबद्दलची भीती फार व्यापक आहे आणि तिचे नुकसानही तितकेच मोठे आहे. कातडीवरील किंवा कातडीखालील गाठीत बारीक सुई घालून काही पेशी ओढून घेतल्याने रोग पसरल्याची उदाहरणे अतिशय विरळ आहेत. याला एक खरा अपवाद म्हणजे मूत्राशयाच्या अस्तराचा कर्करोग. तिथे पोटातून सुई घातल्यास सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, म्हणून त्याचा नमुना मूत्रमार्गातून घेतात. प्लीहेच्या रक्ताळ गाठीतही सुई घालताना रक्तस्रावाचा विचार करावा लागतो. मास्ट पेशींची गाठ सुईनंतर काही तास सुजते. "चिडली" असे लोक म्हणतात ते हेच, पण ती हिस्टामिनची सूज असते, पसरणे नव्हे. हाडाच्या कर्करोगाचे उदाहरण पाहा : पायाचे लंगडणे मुरगळा समजून वेदनाशामकावर ढकलले जाते, आणि निदान होते तेव्हा दहापैकी नऊ कुत्र्यांच्या फुप्फुसात एक्स-रेला न दिसणारे कण आधीच पोहोचलेले असतात. नुसता पाय काढल्यावर अशी कुत्री साधारण चार-पाच महिने जगतात, सोबत केमोथेरपी दिल्यास दहा ते बारा. इथे रोग सुईने पसरलेला नसतो, तो तपासणीआधीच गेलेला असतो.

गाठ काढायची ठरली, तर ती फेकून देऊ नये आणि तिचा एखादा तुकडा न पाठवता अख्खी गाठ प्रयोगशाळेत पाठवावी. ती दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, गाठीच्या आकारमानाच्या किमान दहापट द्रवात, रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवावी. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेली गाठ घट्ट होऊन बाहेर निघत नाही आणि तिच्या कडा फाटतात. गाठ फार मोठी असल्यास द्रव आत शिरावा म्हणून एका बाजूने पावाच्या कापांसारख्या चिरा द्याव्यात, पण कातड्याची आणि तळाची कड अखंड ठेवावी. शक्य असल्यास शल्यचिकित्सकाने डोक्याकडची कड एका टाक्याने आणि पाठीकडची दोन टाक्यांनी खुणावावी, म्हणजे कडेला पेशी सापडल्यास पुन्हा कुठे कापायचे हे आम्हाला नेमके सांगता येते. सोबतच्या अर्जात वय, जात, गाठ कधी दिसली, किती वेगाने वाढली आणि आधी कोणती औषधे, विशेषतः स्टिरॉइड, दिली होती हे जरूर लिहावे. लिम्फोमा आणि मास्ट पेशींच्या गाठी स्टिरॉइडने तात्पुरत्या आक्रसतात, आणि ते माहीत नसेल तर काचपट्टीवर दिसणारे चित्र मला चुकीच्या दिशेने नेऊ शकते.